मार्लिसच्या गळ्यातलं एकोणीसशे अकरा

मार्लिस टोलेफसन वारली ती जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि आमच्याकडे जानेवारीत मेलेल्या माणसाला मातीसुद्धा वेळेवर मिळत नाही. फर्गस फॉल्सच्या उत्तरेला चर्चच्या मागे जे कब्रस्तान आहे, तिथली जमीन त्या दिवसांत चार फूट खोल गोठलेली असते. कुदळ मारली तर कुदळच मोडते. मग चर्चमध्ये प्रार्थना होते, तळघरात कॉफी आणि हॅम सँडविच होतात, आणि पेटी जाते कब्रस्तानाच्या कडेच्या दगडी खोलीत. बर्फ वितळून जमीन मऊ झाली की एप्रिलअखेर दफन. तोवर घरच्यांनी आपलं दुःख अर्धवट ठेवायचं. बहुतेकांना ते जड जातं. आर्विड टोलेफसनला अजिबात गेलं नाही.

आर्विड म्हणजे लिंकन अ‍ॅव्हेन्यूवरचा जुन्या नाण्यांचा दुकानदार. वय सदुसष्ट, उंच, खांद्यात जरा वाकलेला. प्रार्थनेच्या वेळी तो पहिल्या बाकावर ताठ बसून होता. डोळे कोरडे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याने नेहमीसारखं दुकान उघडलं, दारातलं बर्फ ओढलं, हीटर लावला. शेजारच्या न्हाव्याला वाटलं, आपलीच काहीतरी चूक झाली, अंत्यविधी कालचा नसून उद्याचा असेल. लोकांनी घरी ओव्हनमध्ये भाजलेल्या कॅसरोलची भरलेली भांडी आणून दिली होती. आर्विडने ट्यूना आणि नूडल्सचं एकच भांडं पाच दिवस गरम करून खाल्लं. चव कशी होती हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याला काही वाटत नव्हतं. आणि काही वाटत नाही, याचंही काही वाटत नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याच्या गळ्यात पडली होती. डेल्मर सेदर हा आमच्या गावचा अंत्यविधी करणारा माणूस. त्याने प्रार्थना झाल्यावर आर्विडला कोपऱ्यात घेऊन एक छोटं पाकीट हातात ठेवलं होतं.

"तिच्या गळ्यातलं आहे," डेल्मर म्हणाला. "करिन म्हणते, आईबरोबरच जाऊ दे. पण तुझ्या धंद्यातली चीज आहे म्हणून तुला विचारल्याशिवाय घातलं नाही. घाई नाही रे. एप्रिलपर्यंत वेळ आहे."

आर्विडने पाकीट कोटाच्या खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या खणात टाकलं. आत काय आहे ते त्याला माहीत होतं. सोन्याच्या साखळीत, चार दात्यांच्या कोंदणात बसवलेलं अडीच डॉलरचं सोन्याचं नाणं. एका बाजूला पिसांचा मुकुट घातलेला आदिवासी सरदार, दुसऱ्या बाजूला उभा गरुड. साल एकोणीसशे अकरा. बासष्टच्या डिसेंबरात, लग्नाआधी, आर्विडने ते मिनियापोलिसच्या एका गहाणवट्याच्या दुकानातून आणलं होतं. तेव्हा तो लोणी-चीजच्या कारखान्यात दुधाचे कॅन उचलायचा. तीन आठवड्यांचा पगार त्यात गेला. नाण्यांमधलं त्याला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. चकचकीत होतं, गोल होतं, मार्लिसला आवडेल असं वाटलं, घेतलं. तिने ते गळ्यात घातलं आणि पुढे एकेचाळीस वर्षं काढलं नाही.

नाण्यांचं वेड त्याला नंतर लागलं. आधी बँकेतून सुट्ट्या पैशांच्या गुंडाळ्या आणून रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर चाळायचा, मग फार्गोच्या ऑडिन ब्रेक्केच्या हाताखाली शिकला, मग अडुसष्टमध्ये स्वतःचं दुकान. सोन्याचं नाणं हातात घेतलं की त्याला एक ते सत्तर असा नंबर द्यायचा, हे काम ऐकायला सोपं वाटतं. साठ किंवा त्यावरचं नाणं म्हणजे बाजारात न फिरलेलं. साठाच्या खालचं म्हणजे कुणाच्या तरी खिशातून, गल्ल्यातून गेलेलं. अठ्ठावन्न आणि साठ यांच्यामधली रेघ इतकी बारीक असते की त्या रेघेपायी मित्र मित्रांशी बोलेनासे झालेले आम्ही नाणीवाल्यांनी पाहिले आहेत. आर्विड कुणालाही न दुखवता खरं सांगायचा, म्हणून डाकोटातून, मॅनिटोबातून लोक त्याच्याकडे यायचे. नाणं दिव्याखाली धरून हलकेच तिरपं करायचा. चमक चाकासारखी गोल फिरली तर ठीक, मध्येच अडखळली की त्याचा अंगठा थांबायचा. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही, असं लोक म्हणायचे. लोक काय, काहीही म्हणतात.

मार्लिसच्या गळ्यातल्या नाण्याची चेष्टा हा दुकानातला जुना खेळ होता. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दुपारी सुटली की त्याचा डबा घेऊन यायची. एखादं गिऱ्हाईक तिच्या गळ्याकडे बोट दाखवून विचारायचं, "काय आर्विड, ह्याला किती देतोस?"

"त्याला नंबर नाही. दागिना झालाय तो. आमच्या हिशेबी खराब."

"नाण्याबद्दल बोलतोय हं," मार्लिस गिऱ्हाईकाला म्हणायची. "माझ्याबद्दल बोलला तर डबा मिळणार नाही त्याला."

आणि सगळे हसायचे. कोंदणात गेलेलं नाणं खराब, हा आमच्या धंद्याचा नियमच आहे. कोंदणाचे दाते कडेला चावतात, कातडी घासते, कुणी तरी डाग देऊन कडी जोडतं. एकदा दागिना म्हटलं की कुणी भिंग उचलत नाही. आर्विडने तरी का उचलावं?

करिन दर रविवारी फोन करायची. ती त्यांची एकुलती एक मुलगी, मूरहेडला शाळेत नर्स, आईसारखीच स्पष्ट बोलणारी.

"ठरवलंस का, डॅड?"

"काय?"

"काय म्हणजे? ममच्या गळ्यातलं. एवढी एकच गोष्ट विचारलीय मी तुला."

"बघू. अजून वेळ आहे."

"वेळ आहे, वेळ आहे. ती तिकडे त्या थंड खोलीत पडलीय आणि तू दुकानात बसून बघू म्हणतोयस. तुला काही वाटतं का रे?"

यावर आर्विडकडे खोटं बोलण्याइतका उत्साहही नव्हता. तो म्हणायचा, "रस्ते निसरडे आहेत, गाडी हळू चालव," आणि करिन फोन ठेवायची.

खरं सांगायचं तर नाणं पुरायला त्याचा विरोध नव्हता आणि न पुरायलाही नव्हता. कोंदणातलं साधं नाणं. सोन्याचा भाव येईल तेवढा. खाली गेलं काय आणि खणात राहिलं काय. असं दोन महिने चाललं.

मार्च महिन्यात, रस्त्यावर नुसता चिखल असताना, अंडरवुडकडचा एक शेतकरी दुकानात आला. आजोबांच्या तंबाखूच्या डबीत पाच सोन्याची नाणी होती. आर्विडने एकेक काढून मऊ कापडावर ठेवलं. तिसरं अडीच डॉलरचं होतं, सरदाराच्या मानेखाली एकोणीसशे अकरा. आकडा वाचता वाचता आर्विडच्या बोटांनी ते उलटं केलं.

"असं झटकन उलटं का केलंत?" शेतकऱ्याने विचारलं. "काही खोट आहे का?"

"खोट नाही. सवय आहे." आर्विडने गरुडाकडे बोट केलं. "हा ज्या बाणांच्या जुडीवर उभा आहे ना, त्या बाणांच्या टोकांपाशी, डावीकडे कडेला बघा. त्या वर्षी डेन्व्हरच्या टांकसाळीने फार थोडी नाणी पाडली. तिथे तांदळाच्या कणीएवढा डी असतो. तोही पुसट, नीट उठलेलाच नाही. डी असेल तर ह्या मालिकेतलं सगळ्यात दुर्मीळ नाणं. माझा गुरू म्हणायचा, अकरा दिसलं की आधी उलटं कर, मग श्वास घे."

"मग? आहे का?"

"नाही. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचं आहे. पण चांगलं आहे. एकसष्ट म्हणेन मी."

शेतकरी पैसे घेऊन, आजोबांना चार शिव्या घालून, खूश होऊन गेला. आर्विडने कापड झटकलं, दिवा मालवायला हात वर केला. हात तसाच राहिला. तीस-पस्तीस वर्षांत त्याने किती अकरा उलटी केली असतील? दोनशे? तीनशे? अनोळखी माणसांच्या डब्यांतली, मोज्यांतली, मेलेल्या मावशीच्या शिवणाच्या पेटीतली. एकही सोडलं नव्हतं.

एक सोडलं होतं.

त्याने खण उघडून पाकीट काढलं. साखळी कापडावर ओतली आणि कोंदण पालथं केलं. चार दात्यांतला एक दाता बरोबर बाणांच्या टोकांवर बसला होता. त्याने सुरीच्या टोकाने तो दाता हलकेच वर उचलला, भिंग लावलं आणि दिवा तिरपा केला.

डी होता.

अर्धा पुसट, अर्धा दात्याने झाकलेला, पण होता. डाग देऊन मागून चिकटवलेला नाही, हे बघायला त्याने आणखी दहा मिनिटं घेतली. सांधा कुठे नव्हता. अस्सल डेन्व्हर. असं नाणं सापडावं म्हणून आमच्या धंद्यातले लोक आयुष्यभर शेतकऱ्यांच्या माळ्यावर धूळ खात हिंडतात. आर्विड स्वतः हिंडला होता, एकदा त्यापायी सस्कॅचेवानपर्यंत गेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातलाच प्रकार. फक्त कळसा त्याच्या नव्हे, बायकोच्या गळ्यात होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दुःखही झालं नाही. हातांना काम ठाऊक होतं, ते पुढचं काम करू लागले.

पुढचं काम म्हणजे नंबर. ह्या नाण्यांची एक गंमत आहे. इतर नाण्यांवर चित्र वर उठलेलं असतं, यांच्यावर ते आत खोदलेलं असतं. चित्र खाली, सपाट भाग वर. नवीन निघाली तेव्हा लोकांनी ओरड केली होती की खोलगट जागेत घाण साचेल आणि रोगराई पसरेल. घासतो तो आधी सपाट भाग. तिथे बघून कळतं, नाणं कसं जगलं.

सरदाराच्या बाजूला झीज एकसारखी होती, कपड्यांची. गरुडाच्या बाजूला कातडीची, मऊ, जरा लालसर. पण गरुडाच्या पंखामागच्या मोकळ्या जागेत एक लांबट ठिपका वेगळाच होता. गुळगुळीत, काचेसारखा. आर्विडने तो बराच वेळ बघितला. हे कापडाचं काम नाही, कातडीचंही नाही. हे अंगठ्याचं काम. कुणीतरी कोंदण दोन बोटांत धरून अंगठ्याने मागची बाजू चोळत बसलं होतं. एक-दोन वर्षं नाही, कितीतरी वर्षं. मार्लिसला अशी सवय होती? त्याने आठवून बघितलं. टेबलाशी बसलेली मार्लिस, गाडीत शेजारी बसलेली मार्लिस. हात कुठे होते तिचे? तिचा चेहरा आठवायला गेला तर डोळ्यांसमोर आला तो तिचा ड्रायव्हिंग लायसन्सवरचा फोटो, जो डेल्मरने वर्तमानपत्रात छापायला घेतला होता.

पिसांच्या खोबणीत करडं काहीतरी घट्ट बसलं होतं. पीठ असावं, साबण असावा. सोन्याला अ‍ॅसिटोनने काही होत नाही. असं काही दिसलं की वाटीत बुडवून धुवायचं, ही रोजची रीत. त्याने बाटली काढली, वाटीत ओतलं, चिमट्यात नाणं धरलं. वाटीवर हात आला आणि तिथेच थांबला. का, ते त्याला सांगता येत नव्हतं. थोड्या वेळाने त्याने अ‍ॅसिटोन परत बाटलीत ओतलं.

आमच्यात एक रीत आहे. स्वतःच्या नाण्याला स्वतः एकट्याने नंबर द्यायचा नाही. माया आड येते. दुसऱ्याच्या टेबलावर न बोलता ठेवायचं. त्याने बघायचं, चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि उलटी ठेवायची. मग दोघांनी आपापल्या चिठ्ठ्या एकदम उलटायच्या. म्हणून दुसऱ्या दिवशी आर्विड तासभर गाडी चालवून फार्गोला ऑडिन ब्रेक्केकडे गेला. ऑडिनला ब्याऐंशी चालू होतं. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

"ये रे म्हाताऱ्या," ऑडिन सत्तरीतही न पोचलेल्या आर्विडला म्हणाला. "जेवलास का? तोंड बघ तुझं, गोठलेल्या माशासारखं झालंय. कॉफी तिथे आहे, सकाळची आहे, चालवून घे."

आर्विडने कापड पसरलं, कोंदण पालथं ठेवलं आणि चिठ्ठी पुढे सरकवली. ऑडिनने खाली बघितलं. भिंगाकडे हातही नेला नाही. पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली.

"मला बघायची गरज नाही," तो म्हणाला. "ह्या नाण्याला मी बहात्तरपासून ओळखतो."

"काय?"

"डी आहे तिथे. तू दाता वर केलास वाटतं. अखेर."

ऑडिनने सांगितलं ते असं. बहात्तरच्या ऑक्टोबरात फार्गोच्या नाण्यांच्या प्रदर्शनात आर्विड कुणाशी तरी घासाघीस करत होता. मार्लिस लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन ऑडिनच्या टेबलावर आली. त्याने चेष्टेत तिच्या गळ्यातलं नाणं उलटं केलं, कारण साल अकरा होतं आणि अकरा दिसलं की त्याचा हात राहत नाही. त्याला डीचं पोट दिसलं. त्याने तिला तिथेच सांगितलं, की पोरी, तू गळ्यात काय घालून हिंडतेस तुला माहीत आहे का.

"ती खूप हसली," ऑडिन म्हणाला. "मग मला शपथ घातली. म्हणाली, त्याला सांगू नकोस. त्याचं त्याला दिसू दे. आख्ख्या जगाची नाणी उलटी करतो, एक दिवस माझंही करेल की. मी म्हटलं, वर्षभरात करेल. ती म्हणाली, नाताळपर्यंत. पैज लागली आमची. नाताळपर्यंत बघितलंस तर मी तिला जेवण द्यायचं, नाही तर तिने मला."

"कुणी दिलं?"

"तिने दिलं. रोस्ट बीफ होतं." ऑडिनने चष्मा काढून पुसला. "पुढच्या ऑक्टोबरात आली, लांबूनच मान हलवली, अजून नाही. हसत होती. मग दरवर्षी तसंच. मी भुवई वर करायचो, ती मान हलवायची. दहा-बारा वर्षं हसायची. नंतर नुसती मान हलवायला लागली. माझ्या टेबलापाशी तुझी वाट बघत उभी असायची ना, तेव्हा ते नाणं असं बोटांत धरून चोळत असायची. शेवटची काही वर्षं मी भुवई वर करणंच सोडलं."

"मला सांगायचं होतंस," आर्विड म्हणाला. आवाज नेहमीसारखाच होता, हवामानाबद्दल बोलावं तसा.

"शपथ होती. आणि खरं सांगू? मला वाटायचं, तुला माहीत असणार. इतकी वर्षं एका गादीवर झोपणारा माणूस, त्यातून तुझे डोळे. मला वाटायचं, तुम्हा दोघांची काहीतरी आपसातली गंमत असेल आणि मीच मध्ये येडा."

आर्विडने कोंदण रुमालात गुंडाळलं.

"करिनला ते तिच्याबरोबर पुरायचं आहे," तो म्हणाला.

"डेन्व्हरचं अकरा? जमिनीत?" ऑडिन खुर्चीतून अर्धा उठला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? किती उरलीत जगात? दागिना असला म्हणून काय झालं, डी तो डी. पोरीच्या घराचं छप्पर होईल त्यात. आपण नाणी सांभाळणारी माणसं, आर्विड. पुरणारी नाही."

"हो," आर्विड म्हणाला. त्यालाही ते पटत होतं. त्याच्या धंद्यातलं सगळं शिक्षण तेच सांगत होतं. तो उठला, टोपी घातली आणि निघाला. दाराशी ऑडिन म्हणाला, "नंबर नाही विचारलास." आर्विड म्हणाला, "नको."

त्या रविवारी फोन त्याने केला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं, त्यामुळे करिन घाबरली. त्याने तिला सगळं सांगितलं. डी, कोंदणाचा दाता, पैज, रोस्ट बीफ, मान हलवणं. जसं ऐकलं तसं, काही गाळलं नाही. किंमतही सांगितली. 

"म्हणजे तू कधी बघितलंच नाहीस," करिन म्हणाली.

"नाही."

"एकतीस वर्षं थांबली ती."

"हो."

"माझ्यासाठी म्हणून ठेवू नकोस हं. माझ्या छपराला काही झालेलं नाही. पण तुझ्या लेखी आता त्याला किंमत आली, तर तू म्हणशील नको पुरायला. म्हण. मी भांडणार नाही. मला भांडायचा कंटाळा आलाय, डॅड."

आर्विडने खिडकीबाहेर बघितलं. अंगणातलं बर्फ भिंतीच्या कडेने वितळून खालचं गवत दिसत होतं, पिवळं, चपटं. आपल्याला काहीतरी वाटायला हवं हे त्याला समजत होतं, आणि ते कुठे ठेवलंय ते सापडत नव्हतं.

"तिच्याबरोबर जाऊ दे," तो म्हणाला.

"नक्की? पैशांचा नीट विचार करून बोलतोयस ना?"

"नक्की."

"मग डेल्मरला देऊन टाक. तो घालेल."

"नाही. मी घालतो."

डेल्मरला हे फारसं आवडलं नाही. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी दफन ठरलं होतं. खड्डा खणून तयार होता, करिन आणि पाद्री अकराला येणार होते. आर्विड दहालाच दगडी खोलीशी हजर झाला. डेल्मरने किल्ली हातात धरून त्याला समजावलं.

"हे बघ, तीन महिने झालेत. थंडी होती, मी माझं काम नीट केलंय, पण तरी. माणूस जसा गेला तसा राहत नाही. तू बाहेर थांब, मी घालतो आणि तुला सांगतो. सगळे तसंच करतात."

"उघड," आर्विड म्हणाला.

डेल्मरने उघडलं. आत दगडाचा आणि वार्निशचा वास होता, आणि दारातून येणारा उजेड. पेटीचं झाकण वर झालं. मार्लिस निळ्या ड्रेसमध्ये होती. चेहरा बारीक झाला होता, रंग उतरला होता. डेल्मर अदबीने दोन पावलं मागे सरला.

आर्विडने साखळी काढली. तिच्या मानेमागे हात घालून आकडा लावताना त्याची बोटं चुकली, दोनदा चुकली. आयुष्यभर चिमट्याने सोन्याचे कण उचलणारी बोटं. तिसऱ्यांदा लागला. नाणं तिच्या गळ्याच्या खळगीत बसलं, सरदार वर, गरुड खाली.

मग तो खाली वाकला. तिच्या डाव्या भुवईतून एक बारीक पांढरी रेघ गेली होती, जुनी, टाके घातल्याची. ती कधी पडली? लग्नाआधी की नंतर? कानाच्या पाळीखाली दोन तीळ होते, एकाला एक लागून. वरचा ओठ एका बाजूला जरा जास्त उचललेला होता, म्हणजे ती हसायची ती त्या बाजूने. हनुवटीखाली भाजल्याचा छोटा डाग, शाळेच्या स्वयंपाकघरातला असणार. यातलं काहीही त्याला माहीत नव्हतं. त्याचं डोकं हळूहळू या बाजूला झालं, मग त्या बाजूला, दारातला उजेड तिच्या गालावर नीट पडावा म्हणून. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्याने पुसलं, कारण त्याने दिसायला अडचण होत होती.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. करिन आणि पाद्री आले होते. डेल्मर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "आर्विड, वेळ झाली. झाकण लावू?"

"थांब जरा," आर्विड म्हणाला. "बघतोय मी."